निश्चय कशाचा करायचा?

शिबिराच्या शेवटच्या रात्री हात वर होतात. पाळकसाहेब प्रार्थना करत असतात आणि ‘प्रभू, आजपासून पुन्हा कधीच नाही’ असं वचन अगदी मनापासून दिलं जातं. पंधरवड्यात केव्हातरी, घरचे झोपल्यावर, तोच फोन पुन्हा हातात येतो. मग रविवारी प्रभुभोजनाला पुढे जायचं की नाही, हा प्रश्न. मग पुन्हा वचन, या वेळी आणखी कडक. पॉर्नच्या सवयीशी झगडणाऱ्या कितीतरी विश्वासी माणसांची कहाणी अशी गोल फिरत राहते. त्यांत कॉलेजातली मुलं असतात, दोन लेकरांचे बाप असतात, संडे स्कूल शिकवणाऱ्या ताई असतात आणि पाळकही असतात. ऑक्टोबर २०२२मध्ये रोममधल्या सेमिनरीच्या विद्यार्थ्यांशी बोलताना पोप फ्रान्सिस यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की हा दोष धर्मगुरूंत आणि सिस्टरांतही आहे.

वचन मोडतं याचा अर्थ तुमची तळमळ खोटी होती असा नाही. बहुतेक वेळा वचनच चुकीच्या गोष्टीचं दिलेलं असतं. ‘पुन्हा कधीच पाहणार नाही’ हे वचन पहिल्या घसरणीबरोबर संपतं आणि हातात काही उरत नाही. ‘पुन्हा कधीच लपवणार नाही’ हे वचन घसरल्यावरही पाळता येतं. किंबहुना त्याचा खरा उपयोग तेव्हाच असतो. या लेखातल्या सगळ्या सूचना या एका वचनाभोवती आहेत.

झाकण्याची किंमत

दावीद आणि बथशेबेची गोष्ट आपण व्यभिचाराची गोष्ट म्हणून ऐकत आलो. पण २ शमुवेलाचा ११वा अध्याय सावकाश वाचा. त्यातला मोठा भाग लपवालपवीचा आहे. बथशेबा गरोदर असल्याचा निरोप येताच दावीद तिच्या नवऱ्याला, उरीयाला, रणांगणावरून बोलावून घेतो, घरी पाठवू पाहतो, दारू पाजतो आणि शेवटी त्याच्याच हाती त्याच्या मरणाचं पत्र देतो. एका संध्याकाळच्या नजरेपासून सुरू झालेलं प्रकरण खुनापर्यंत पोचलं ते झाकण्याच्या धडपडीत. संदेष्टा नाथान समोर येऊन उभा राहीपर्यंत ते थांबलं नाही. दावीदाच्या नावावरचं ३२वं स्तोत्र तर म्हणतं, की पाप मनात दाबून ठेवलं तेव्हा शरीरसुद्धा खचत गेलं.

पॉर्नच्या बाबतीतही माणसाची निम्मी शक्ती झाकण्यातच जाते. हिस्टरी पुसायची, वेगळं ब्राउझर ठेवायचं, दार आतून लावायला कारणं शोधायची, बायकोने सहज फोन मागितला तरी छातीत धस्स व्हायचं. या ताणातून सुटका हवी असते आणि मनाला सुटकेची एकच वाट पाठ झालेली असते. म्हणून लाजेने सवय थांबत नाही. एकट्याने बाळगलेली लाज माणसाला पुन्हा तिथेच नेते.

‘पण देवापुढे तर मी रोज कबूल करतो,’ असं कोणी म्हणेल. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी नाझी राजवटीच्या काळात, १९३५ ते १९३७, फिंकनवाल्डे इथे पाळकांच्या शिक्षणासाठी सेमिनरी चालवली. तिथल्या सहजीवनावरचं त्यांचं छोटं पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एक बोचरी शंका घेतली आहे: एकांतातली आपली कबुली म्हणजे कित्येकदा आपणच आपल्याला दिलेली माफी तर नसते ना, आणि आपण पुन्हा पुन्हा घसरतो त्याचं कारण हेच तर नसेल? भावासमोर मोठ्याने सांगितलेल्या पापाबाबत अशी स्वतःची समजूत घालता येत नाही. याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायातही एकमेकांजवळ पापं कबूल करणं, एकमेकांसाठी प्रार्थना करणं आणि बरं होणं या तिन्ही गोष्टी एकाच वचनात येतात. त्यांतली मधली तेवढी आपण ठेवली आणि पहिली सोडून दिली.

कोणाला सांगायचं, काय सांगायचं

आपल्या मंडळ्या लहान. पाळकांची बायको आपल्या मावशीची नणंद निघते. ‘सांगितलं तर गावभर होईल’ ही भीती खोटी नाही, म्हणून माणूस निवडताना घाई नको. तो तुमच्याच लिंगाचा असावा, विश्वासात तुमच्यापेक्षा थोडा मुरलेला असावा आणि दुसऱ्याची गोष्ट तुमच्यापाशी कधीही न बोललेला असावा. नवरा, बायको किंवा जिच्याशी लग्न ठरलं आहे अशी व्यक्ती या कामासाठी नको; त्याबद्दल पुढे बोलू. आपल्या मंडळीत असं कोणी दिसत नसेल तर दुसऱ्या गावच्या मंडळीतला जुना मित्र किंवा ख्रिस्ती समुपदेशक चालेल. आखातात किंवा जहाजावर नोकरीला असलेल्यांनी फोनवरची ठरलेली वेळ ठेवावी. कॅथलिक वाचकांसाठी पापनिवेदनाचा संस्कार आहेच, आणि तिथे ऐकलेलं फादर कोणत्याही कारणाने बाहेर काढू शकत नाहीत. तरीही आठवड्याच्या मधल्या वारी फोन करता येईल असा एक माणूस त्यांनाही हवा.

पहिलं वाक्य सगळ्यांत अवघड असतं. ते आधी लिहून ठेवा. उदाहरणार्थ: ‘दादा, एका गोष्टीत तुमची मदत हवी आहे. मी बरीच वर्षं पॉर्न पाहतोय आणि एकट्याने थांबता येत नाही. दर आठवड्याला मला विचारणारं कोणीतरी हवं आहे. शनिवारी अर्धा तास भेटाल का?’ बहिणींनी हाच निरोप एखाद्या ताईंना पाठवावा. या विषयावरचे उपदेश बहुधा पुरुषांनाच उद्देशून असतात. त्यामुळे झगडणाऱ्या स्त्रीला आपण जगातली एकटीच अशी आहोत असं वाटत राहतं. ती एकटी नाही.

भेटीत ‘विचार शुद्ध राहत नाहीत’ असं मोघम बोलू नका. मोघम कबुली हाही लपवण्याचाच प्रकार आहे. किती वेळा, शेवटचं कधी, कुठे, हे स्पष्ट सांगा. काय पाहिलं याचं वर्णन मात्र टाळा. दर भेटीत चार प्रश्न पुरेसे आहेत:

१. मागच्या भेटीनंतर पाहिलं का? कधी?
२. त्याच्या आधीच्या तासाभरात काय चाललं होतं?
३. कोणती गोष्ट मला सांगू नये असं वाटलं?
४. येत्या आठवड्यातली अवघड वेळ कोणती?

उत्तरांनंतर दोघांनी प्रार्थना करावी. ऐकणाऱ्याचं काम साधं आहे: दचकायचं नाही, प्रवचन द्यायचं नाही, कोणाला सांगायचं नाही आणि पुढच्या शनिवारी न विसरता पुन्हा विचारायचं.

ओढ कधी लागते ते ओळखा

दावीदाच्या गोष्टीची सुरुवात पुन्हा पाहा. राजे मोहिमेवर जाण्याचा तो काळ होता आणि हा मात्र घरी राहिला होता. संध्याकाळी बिछान्यावरून उठून तो गच्चीवर फिरत होता. हातात काम नाही, वेळ मोकळी, सोबतीला कोणी नाही. मोह नंतर आला, जागा आधीच तयार होती.

व्यसनमुक्तीच्या गटांत एक जुनी तपासणी शिकवतात. मोह झाला की विचारायचं: मी भुकेला आहे का, रागावलेलो आहे का, एकटा पडलोय का, थकलोय का? तिला बायबलातही आधार सापडतो. १ राजांच्या १९व्या अध्यायात एलीया मरण मागत झुडपाखाली पडतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला दोनदा खायला देतो आणि झोपू देतो. ओढ शमवण्यासाठी कधीकधी जेवण आणि झोपच लागते.

दोन आठवडे एक छोटी वही ठेवा. ओढ लागली की वेळ, जागा आणि त्याआधी काय घडलं एवढंच लिहा. काहींना रात्रपाळीहून आल्यावरची पहाट अवघड जाते, काहींना हॉस्टेलमधली रविवारची दुपार, काहींना घरातल्या भांडणानंतरची रात्र. पाळकांना बऱ्याचदा रविवारची संध्याकाळ जड जाते. दिवसभर सगळ्यांना देऊन झाल्यावर ते रिकामे झालेले असतात. तुमची वेळ कळली की त्या वेळेसाठी आधीच काहीतरी ठरवता येतं: त्याच वेळी मित्राला फोन, मैदान, बाहेरच्या खोलीत बसून अभ्यास.

आणि ओढ लागलीच तर तिच्याशी वाद घालत बसू नका. तिला खाद्य मिळालं नाही तर ती बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ जागा सोडा. खोलीतून बाहेर पडा, माणसांत जा, तोंडावर पाणी मारा, फोन करा. योसेफ वस्त्र टाकून पळाला हे आपल्याला ठाऊक असतं. पण उत्पत्तीचा ३९वा अध्याय त्याआधीची एक गोष्ट सांगतो: पोटीफरची बायको रोज गळ घालत होती आणि तो तिच्याजवळ थांबायलाही तयार नव्हता. शेवटच्या दिवशी त्याला पळता आलं, कारण टाळण्याचा सराव रोजचा होता.

फोनचा बंदोबस्त

मत्तयाच्या ५व्या अध्यायात प्रभू येशू वासनेच्या नजरेबद्दल बोलतात तेव्हा जबाबदारी पाहणाऱ्यावर टाकतात. तिने काय घातलं होतं, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. पुढचं डोळा उपटून टाकण्याचं बोलणं अक्षरशः घ्यायचं नसलं तरी ते सौम्य करून घ्यायचंही नाही. जे अडखळायला लावतं ते दूर करा, किंमत पडली तरी चालेल, असा त्याचा रोख आहे.

• रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ आणा.
• ॲण्ड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं. अश्लील संकेतस्थळं अडवणाऱ्या मोफत सेवा तिथे जोडता येतात. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मधून अशी बंधनं घालता येतात. पासकोड मात्र तुमच्या विश्वासातल्या माणसाने टाकावा आणि तुम्हाला सांगू नये.
• अनेकांची घसरण रील्स पाहता पाहता सुरू होते. तुमचं तसं असेल तर ते ॲप काढून टाका. गुप्त ब्राउझर आणि टेलिग्रामवरचे तसले ग्रुपही काढा.
• दुसरं सिमकार्ड, जुना फोन, पेनड्राइव्ह: जिथे काही साठवलं आहे ते त्या माणसाच्या देखत नष्ट करा.

एवढं करूनही फिल्टरवर फार भरवसा ठेवू नका. २०१८ साली न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारने ८२७ अश्लील संकेतस्थळं बंद करायला लावली. काही मोठ्या संकेतस्थळांनी थोड्याच दिवसांत नवे पत्ते काढले. कुंपण माणसाला बदलत नाही, फक्त काही मिनिटं मिळवून देतं. त्या मिनिटांत फोन करायचा असतो. ईयोब ३१व्या अध्यायाच्या सुरुवातीला म्हणतो, की आपण आपल्या डोळ्यांशी करार केला आहे. कराराला दुसरा पक्ष लागतो आणि साक्षीदार असला तर बरं.

पडल्यावरचे चोवीस तास

व्यसनं पुन्हा का उलटतात याचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी एक गोष्ट दाखवून दिली. एका चुकीने जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त नुकसान त्या चुकीनंतर मनात येणाऱ्या विचाराने होतं. ‘आता गेलंच सगळं, मी आहेच असा’ असं वाटलं की एका रात्रीची घसरण आठवडाभर चालते. ‘पुन्हा कधीच नाही’ हे वचन नेमकं हाच विचार मनात तयार ठेवतं.

प्रभू येशूला धरून दिलं त्या एका रात्री पेत्र आणि यहूदा दोघेही पडले. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदा ते ओझं घेऊन एकटा निघून गेला. पेत्र रडला, पण पुनरुत्थानाच्या सकाळी तो बाकीच्या शिष्यांमध्ये सापडतो. म्हणून पडल्यावर काय करायचं ते आधीच लिहून ठेवा.

लगेच थांबा. ‘आता पाहिलंच आहे तर’ हा विचार दुसरी घसरण आहे. लहानशी प्रार्थना करा आणि देवाशी सौदा करू नका. महिनाभर उपवास करीन वगैरे बोलू नका. चोवीस तासांच्या आत त्या माणसाला निरोप पाठवा: ‘पडलो. उद्या बोलू.’ वहीत त्याआधीचा तास लिहा आणि बंदोबस्तात एक गोष्ट बदला. रविवारी उपासनेला जा. आजारी माणसाने बरं झाल्यावरच दवाखान्यात यावं असं कोणी म्हणत नाही.

‘अशाने घसरायला मोकळीक नाही का मिळणार?’ असं एखादे वडीलधारे विचारतील. शंका रास्त आहे. रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात पौलालाही ती घ्यावी लागली. पण एकांतात रडून नवं वचन देणं सोपं असतं, दुसऱ्या दिवशी भावाला तोंड दाखवणं अवघड असतं. जी कृपा माणसाच्या डोळ्यांत पाहून घ्यावी लागते ती स्वस्त राहत नाही. मात्र मंडळीत शिकवण्याची किंवा तरुणांना सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर काही काळ त्यातून बाजूला व्हायचं का, हे एकट्याने ठरवू नका. ते मंडळीच्या वडिलांवर सोपवा.

स्वच्छ दिवस मोजायचे असतील तर मोजा, पण त्याहून उपयोगी एक मोजमाप आहे: पडणं आणि सांगणं यांत किती वेळ गेला? पूर्वी वर्षानुवर्षं कोणाला कळत नव्हतं, मग महिन्याने सांगितलं, आता दुसऱ्या सकाळी सांगता. तुम्ही प्रकाशात येत आहात. आणि जे लगेच सांगावं लागणार आहे ते करण्याची ओढही हळूहळू कमी होते.

रिकामं घर

लूकच्या ११व्या अध्यायात झाडून स्वच्छ केलेल्या घराचा दाखला आहे. अशुद्ध आत्मा गेला, पण घर रिकामंच राहिलं; तो आणखी सात जणांना घेऊन परतला. रात्रीचे दोन तास मोकळे झाले आणि त्यांत काही आलं नाही, तर जुनं ते परत येणारच. गायनमंडळ, गल्लीतल्या मुलांचा अभ्यास, क्रिकेट, स्वयंपाक, घरच्यांसोबत प्रार्थना, काहीही चालेल. त्यात दुसरी माणसं असावीत एवढंच.

पडद्यावरच्या माणसांकडेही नव्याने पाहायला शिका. तीही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेली आहेत. त्यांतल्या काहींना फसवून, धाकाने किंवा गरिबीने तिथे आणलेलं असतं, आणि कोण कसं आलं हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. मोह झाला की त्या अनोळखी व्यक्तीसाठी प्रार्थना करून पाहा. जिच्यासाठी प्रार्थना केली तिचा उपभोग घेणं कठीण जातं.

जोडीदार आणि लग्न

‘लग्न करून टाका, सुटेल’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात. तो चुकीचा आहे आणि येणाऱ्या मुलीवर अन्याय करणारा आहे. पॉर्नची सवय पुष्कळदा एकटेपणाशी, ताणाशी आणि पळवाट शोधण्याशी जोडलेली असते. ती लग्नानंतर नव्या घरातही सोबत येते.

लग्न झालेलं असेल तर जोडीदाराला कळणं आवश्यक आहे, पण रागाच्या भरात किंवा अर्धंमुर्धं नको. आज थोडं, पुढच्या महिन्यात थोडं असं सांगितलं की प्रत्येक वेळी जखम नव्याने उघडते. समुपदेशकाच्या किंवा समंजस पाळकांच्या मदतीने एकदाच, पूर्ण सांगा. नंतर समोरून राग, अश्रू, अबोला येईल. त्याला वेळ द्या. बायबलातली वचनं दाखवून क्षमा मागून घेऊ नका. क्षमा हप्त्याने वसूल होत नाही. आणि बायकोला पहारेकरी करू नका. तिला खरं जाणून घेण्याचा हक्क आहे, पण रोज फोन तपासण्याचं काम त्या दुसऱ्या माणसाचं. तिलाही बोलायला एक विश्वासू बहीण लागेल, याची आठवण ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘सक्तीचं लैंगिक वर्तन’ ही वेगळी नोंद आहे. सहा महिने किंवा अधिक काळ वर्तनावर ताबा न राहणं, काम, आरोग्य आणि नाती यांची हेळसांड होणं, थांबायचे प्रयत्न फसत राहणं ही त्याची लक्षणं. त्याच नोंदीत असंही म्हटलं आहे, की केवळ नैतिक अपराधीपणामुळे होणारा त्रास म्हणजे हा आजार नव्हे. आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. महिन्यातून एकदा घसरणाऱ्याने स्वतःला ‘व्यसनी’ म्हणवून खचू नये. त्याला पश्चात्ताप आणि सोबत पुरेशी होऊ शकते. आणि ज्याची नोकरी, झोप, संसार यांवर परिणाम झाला आहे त्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात विश्वासाची कमतरता मानू नये. सवयीमागे अनेकदा नैराश्य किंवा लहानपणीचा अत्याचार दडलेला असतो. सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जगू नये असं वाटत असेल तर वाट न पाहता फोन करा.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. लहान मुलांचं असं साहित्य शोधणं, पाहणं किंवा उतरवून घेणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्यामागे एका खऱ्या मुलावर झालेला अत्याचार असतो. तिकडे ओढ वाटत असेल तर मित्राची सोबत पुरणार नाही. ताबडतोब तज्ज्ञाकडे जा.

किती दिवस लागतील?

संत ऑगस्टिन यांचं मन ३८६ साली मिलानमध्ये वळलं. त्याआधी, शुद्धता हवी पण आत्ताच नको, अशी प्रार्थना केल्याचं त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. पण त्यांच्या ‘कबुलीजबाबा’चा दहावा भाग त्याहून कमी वाचला जातो. मन वळल्यानंतर दहा-एक वर्षांनी, बिशप झाल्यावर, ते सांगतात की जुनी चित्रं अजून आठवणीत आहेत आणि झोपेत येतात. त्यांनी हे आपल्याच लोकांसमोर मांडलं. एवढ्या मोठ्या माणसाची आठवण पुसली गेली नाही, तर आपलीही एका उपवासात पुसली जाणार नाही. ओढ कमी होते, मधली अंतरं वाढतात, जुनं चित्र आलं तरी त्यामागे जावंसं वाटेनासं होतं. गलतीकरांस पत्रात पवित्र आत्म्याच्या फळांत इंद्रियदमनाचं नाव शेवटी येतं. फळ म्हटलं की पिकायला वेळ लागणारच.

या आठवड्यात काम एकच करा. वहीत एका माणसाचं नाव लिहा, निरोप पाठवा आणि भेटीची वेळ ठरवा. वचन द्यायचंच असेल तर देवासमोर आणि त्या माणसासमोर द्या, आणि ते एवढंच असू द्या: तुम्ही विचाराल तेव्हा मी खरं सांगेन.